शीवचे लोखंड शिवारात कधी येणार?

शीव म्हणजे काय हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गावाची हद्द संपते ती शीव आणि शिवेच्या आतले रान ते शिवार. मुंबईतही एक शीव आहे. इंग्रजी पाट्यांवर तिला सायन म्हणतात. मुंबईचे बेट इथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती. सतराव्या शतकात अलीकडे इंग्रज आणि पलीकडे पोर्तुगीज अशी स्थिती होती, म्हणून इंग्रजांनी हद्दीवरच्या टेकडीवर किल्ला बांधला. पुढे खाडी बुजली, बेटे जोडली गेली, शहर शीव ओलांडून कोसच्या कोस पसरले. नाव तेवढे राहिले.

कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्यांच्या पत्रकात या शिवेचे काय काम, असे वाचक विचारतील. काम आहे, आणि ते लोखंडाचे आहे.

शीवच्या एका अंगाला धारावी आहे. शहराने टाकून दिलेला पत्रा, डबा, तार, ॲल्युमिनियम तिथल्या गाळ्यांत निवडले जाते, वितळवले जाते आणि पुन्हा बाजारात जाते. दुसऱ्या अंगाला चुनाभट्टीकडे व्ही. एन. पुरव मार्गावर केंद्र सरकारची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या निदेशकांना तिथे शिकवले जाते. म्हणजे तालुक्याच्या आयटीआयमध्ये आपल्या पोराच्या हातात कानस देणारा गुरुजी असल्या संस्थांतून घडून येतो. कारखान्यातल्या कामगाराच्या सुरक्षिततेचा विचार करणारी केंद्रीय श्रम संस्थाही शीवलाच आहे. आणि शीवला लागून माटुंगा. गिरणीधंद्याला लागणारे तंत्रज्ञ घडवण्यासाठी 1887 मध्ये निघालेली, पुढे वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळालेली तंत्रसंस्था 1923 पासून तिथे आहे. आपल्या कापसाचा धागा किती लांब, किती मजबूत हे मोजणारी केंद्रीय प्रयोगशाळा 1924 पासून तिथेच आहे.

एवढे सगळे दोन-तीन मैलांच्या आत जमले याचे कारण उघड आहे. परळ-लालबागच्या गिरण्या कापसावर चालल्या आणि तो कापूस वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्याच्या काळ्या रानातून गेला. त्या कापसाच्या जिवावर साचे आले, बॉयलर आले, कारखाने आले, तंत्रशाळा निघाल्या. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या आणि कित्येक साचे भंगाराच्या भावाने विकले गेले. कापूस आमचा गेला. त्यातून उभे राहिलेले लोखंड मात्र आमच्याकडे कधी परत आले नाही. आले ते बाजारभावाने विकत घ्यावे लागणारे औत म्हणून.

आज आम्हाला बोलायचे आहे ते एका लहान दिसणाऱ्या गोष्टीबद्दल. मुंबई-ठाणे-पुण्याच्या कारखान्यांत काम झाल्यावर पुष्कळ माल उरतो. पट्टीची टोके, अँगलचे तुकडे, कापून उरलेला पत्रा, मापात न बसल्याने बाजूला काढलेले शाफ्ट, जुनी बेअरिंगे. त्यातला बहुतेक भंगारवाल्याकडे जातो, थोडा तंत्रशाळांना आणि आयटीआयला दान मिळतो. दान देणाऱ्याला बरे वाटते, घेणाऱ्याचा कच्च्या मालाचा खर्च वाचतो. यात वाईट काही नाही. प्रश्न पुढचा आहे. या लोखंडाचे विद्यार्थी करतात काय?

फिटरच्या अभ्यासक्रमात पोराला पहिल्यांदा करवत, कानस, छिन्नी धरायला शिकवतात. मग तो एका पट्टीचा चौरस घासतो. मग एकमेकांत बसणारे नर-मादी तुकडे करतो. व्हर्नियरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो. दिवसचे दिवस घासून तुकडा आरशासारखा सपाट होतो, गुरुजी माप घेतात, गुण देतात आणि तुकडा पेटीत पडतो. पेटी भरली की तुकडा भंगारात. दान म्हणून आलेले भंगार पुन्हा भंगार होऊन परत जाते. मधल्या काळात पोराचा हात तयार झाला, हे आम्ही नाकारत नाही. हात तयार व्हायलाच हवा. पण जो चौरस घासायला येतो, त्यालाच वखराची पास घासायला येईल. जो काटकोन जुळवतो, तो कोळप्याची दांडीही जुळवेल. हात तोच, मेहनत तीच, लोखंड तेच. फरक इतकाच की एका तुकड्याला गिऱ्हाईक नाही आणि दुसऱ्याची कोणीतरी पेरणीच्या आधी वाट पाहतो आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की कार्यशाळेला लोखंडाबरोबर अडचणही द्या. लोखंड कारखानदार देईल. अडचण त्याच्याजवळ नाही, शीवच्या गुरुजीजवळ नाही, शहरातल्या विद्यार्थ्याजवळ तर नाहीच. ती आमच्याजवळ आहे, आणि आम्ही ती कधी कुणाच्या कार्यशाळेत घेऊन गेलो नाही. पिढ्यानपिढ्या घरीच ठेवली.

नुसते बोलून उपयोग नाही, म्हणून चार उदाहरणे देतो.

पहिले मळणी यंत्राचे. यंत्राच्या तोंडाशी कणसे सरकवायची पत्र्याची नाळ असते. जुन्या आणि गावठी बनावटीच्या यंत्रांत ती आखूड असते, उघडी असते, कधी नसतेच. रात्रीची मळणी, डोळ्यांवर झोप, अडकलेले कणीस ढकलायला हात पुढे जातो आणि ड्रम हात ओढून घेतो. अशी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत. 1983 साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला तो मळणी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवूनच. भारतीय मानकाप्रमाणे नाळ निदान 90 सेंटिमीटर लांब हवी आणि ड्रमकडचा निदान 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हे माप हवेतून आलेले नाही. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत 90 सेंटिमीटर भरत नाही, म्हणून हात ड्रमपर्यंत पोचत नाही. कायदा कागदावर राहिला आणि जुनी यंत्रे शेतात राहिली. अशी नाळ करायला काय लागते? पत्रा, कात्री, दुमडलेल्या कडा, चार बोल्ट. पत्राकामाच्या विद्यार्थ्याचा हा धडा आहे. गावातले एक यंत्र मोजून त्याला बसेल अशी नाळ त्याने केली, तर दान मिळालेल्या पत्र्याने एक हात वाचला. राज्य सरकारच्या 2023 च्या शेतकरी अपघात योजनेत अपघातात एक हात गेला तर 1 लाख रुपये मिळतात. हात वाचवणारा पत्रा त्याहून किती स्वस्त आहे, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

दुसरे पऱ्हाटीचे. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केले ते कापूसवाल्याला विसरता येणार नाही. अळी उरल्यासुरल्या बोंडांत राहते, म्हणून हंगाम संपताच पऱ्हाटी उपटा असे शास्त्रज्ञ सांगतात. उपटते कोण? मायबहिणी, हाताने, तळहात सोलून घेत. पऱ्हाटी उपटायचा चिमटा ही साधी तरफ आहे. टेकूपासून जबडा सहा इंचांवर आणि दांडा चार फुटांचा असला तर लावलेला जोर आठपट होतो. अँगल, पाइप आणि दातेरी पट्टी एवढ्यात तो होतो. पण शहरातला विद्यार्थी तो नुसत्या नळीवर टेकवील. काळ्या रानात तो टेकू जमिनीत रुतेल आणि सगळा जोर मातीत जाईल. टेकूखाली रुंद पत्र्याचा पाय लागतो. हे पुस्तकात शोधावे लागते, काळ्या रानातली बाई मात्र एका वाक्यात सांगेल. अडचण द्या म्हणतो ती अशी.

तिसरे कोळप्याचे. सायकलच्या जुन्या चाकावर पास बसवून एका माणसाने ढकलायचे कोळपे आता पुष्कळ गावांत दिसते. बैलजोडी नसलेल्याला ते आधार झाले आहे. पण विकतच्या कोळप्याची पास एकाच रुंदीची असते. आमच्याकडे ज्वारी दीड फुटावर, कापूस तीन फुटांवर, कुठे चार फुटांवर, आणि तुरीचे तास मध्येच. शिवाय पीक गुडघ्याला आले की पास अरुंद लागते, नाही तर मुळ्या तुटतात. विद्यार्थ्याने एका दांड्याला तीन रुंदीच्या पासा बसतील अशी खाच केली, तर ते त्याचे नर-मादी जोडाचेच काम आहे. पण या जोडाची परीक्षा शेतात होईल.

चौथे पावसाचे. कोरडवाहू माणसाचे सगळे गणित पावसावर, आणि पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या ठिकाणी, आपल्या शेतापासून कोसावर. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, नाही तर नाही. सरळ भिंतींचे पत्र्याचे नळकांडे, तोंड आणि बूड एकाच रुंदीचे, आत उभी धरायची मिलिमीटरची पट्टी, एवढ्यात पर्जन्यमापक होतो. झाडापासून, भिंतीपासून दूर, मोकळ्यावर बसवायचा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी वहीत लिहायचे. सरकार ती नोंद मानणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण भांडायला हातात आकडा येतो, आणि पेरायचे की थांबायचे हे ठरवायला स्वतःच्या शेताचा आकडा मिळतो. शाळेतल्या पोरांनी एका गावाला असे दहा डबे केले, तर एकाच गावात पाऊस किती वेगवेगळा पडतो हे पहिल्यांदा लिहून निघेल.

आता लोखंडाची पारख. सगळे उरलेले लोखंड एक नसते, आणि दान म्हणून आले म्हणून सगळे सगळ्याला चालत नाही. साध्या नरम पोलादाच्या पट्टीचा दांडा चांगला होतो, पण तिची पास चार दिवसांत बोथट होते, कारण तिच्यात कार्बन कमी असतो आणि पाणी देऊनही ती कडक होत नाही. मालमोटारीच्या कमानीचा पाटा कडक होतो, म्हणून विळा, खुरपे, पास त्याची करावी. बीड घणाखाली फुटते, त्याला ठोकायला जाऊ नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला वेल्डिंग केले तर निघणाऱ्या धुराने ताप भरतो. औषधांचे, तेलाचे बंद पिंप गॅसने कापू नये, आतल्या वाफेने स्फोट होऊन माणसे मेली आहेत. आणि फवारणीच्या औषधाचे पिंप धुऊन त्याची धान्याची कोठी करणे म्हणजे घरात विष भरून ठेवणे.

ही पारख गावच्या लोहाराजवळ आहे, रस्त्याकडेला पाल टाकणाऱ्या घिसाड्याजवळ आहे. सहाणेच्या चाकावर तुकडा धरला की नरम पोलादाच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडतात, कडक पोलादाच्या फुलबाजीसारख्या फुटतात. तापलेले लोखंड चुंबकाला चिकटेनासे झाले की पाणी द्यायची वेळ झाली. कमानीच्या पाट्याला थेट पाण्यात बुडवले तर तडा जाण्याची भीती, तेलात बुडवावे. मग पुन्हा हलकी ऊब देऊन निळसर रंग चढला की थांबावे, म्हणजे धार टिकते आणि दगडावर तुकडा उडत नाही. घिसाड्याच्या घरात बाई घण मारते, माणूस सांडशीने लोखंड फिरवतो, आणि दोघांना हा रंग डोळ्यांनी कळतो. आमची सूचना अशी की आयटीआयने या माणसाला वर्षातून काही दिवस मानधन देऊन शिकवायला बोलवावे. त्याच्या पोटावर पाय देऊन विद्यार्थ्यांनी फुकट विळे करावेत असे आम्ही म्हणत नाही. त्याची विद्या शाळेत यावी आणि शाळेचे वेल्डिंग, ड्रिलिंग त्याला वापरायला मिळावे, असे म्हणतो.

हे स्वप्नरंजन आहे असे कुणी म्हणेल. त्याला आम्ही पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले पाबळ दाखवतो. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून त्या कोरडवाहू गावात गेले आणि 1983 मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली पोरे तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती हाताने करून शिकली. जुन्या जीपचे भाग वापरून तिथे लहान ट्रॅक्टर बनवला गेला, त्याचे नाव मेकबुल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक 2002 मध्ये त्याच गावात निघाली. डॉ. कलबाग 2003 मध्ये गेले, काम चालू आहे. पण आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट यंत्राची नाही, हिशेबाची आहे. विद्यार्थी गावाचे काम करतात आणि गाव त्याचे पैसे देते. शिक्षण म्हणून केलेले काम कोणाच्या तरी उपयोगी पडले पाहिजे, आणि उपयोगी पडले की नाही हे गिऱ्हाईक ठरवते, ही ती पद्धत.

आम्हीही तेच म्हणतो. अवजार फुकट नको. अनुदानात मिळालेली किती अवजारे गोठ्यामागे गंजत पडली आहेत हे प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन पाहावे. फुकटच्या वस्तूबद्दल कोणी तक्रार करत नाही, म्हणून ती सुधारतही नाही. लोखंड दान आले तर त्याचे दाम लावू नका, पण पोराच्या मजुरीचे, वेल्डिंगच्या कांडीचे, विजेचे पैसे लावा. आम्ही देऊ. आणि पास वाकली तर परत आणून पुढ्यात टाकू. त्या वाकलेल्या पासेतून पोरगा जे शिकेल ते पेटीतल्या चौरसाने शिकणार नाही.

आता सरकारचा भाग. उरलेले लोखंड कारखानदाराने शाळेला द्यावे असे सगळेच म्हणतात, पण कायदा त्याला काय सांगतो? 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला. त्या कायद्याच्या कलम 17 मध्ये अशी तरतूद आहे की भेट म्हणून दिलेल्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे तोच तुकडा भंगारवाल्याला विकला तर पैसे येतात आणि वजावट राहते. शाळेला दिला तर पैसे येत नाहीत आणि वजावटही जाते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, पण वस्तुरूपाने दिलेले त्यात धरता येत नाही, असा खुलासा केंद्राने 2021 मध्ये केला. एका हाताने कौशल्य वाढवा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने लोखंड देणाऱ्याला दंड करायचा, असा हा कारभार आहे. वस्तुरूप दानात किंमत फुगवून लबाडी होऊ शकते, हे खरे. त्यावर उपाय आहे. माल फक्त मान्यताप्राप्त आयटीआयला आणि तंत्रशाळेला द्यावा, वजनावर मोजावा, भंगाराच्या भावाने त्याची किंमत धरावी आणि कराची वजावट कायम ठेवावी. एवढी दुरुस्ती मागायला आम्हाला संकोच वाटत नाही. यात आम्ही सरकारकडे एक पैसा मागत नाही, रस्त्यातला दगड काढा एवढेच म्हणतो.

गुरुजींची बाजूही ऐकली पाहिजे. परीक्षेचे काम सर्वांना एकसारखे असावे लागते, म्हणून चौरस लागतो. प्रत्येकाने वेगळी पास आणली तर गुण कसे द्यायचे? बरोबर आहे. परीक्षेचे काम आहे तसेच ठेवा. त्यासाठी विकत घेतलेली मापाची पट्टी वापरा. दान आलेला, वाकडातिकडा, वेगवेगळ्या जाडीचा माल सरावाच्या कामाला ठेवा, आणि सरावाचे काम शेतकऱ्याचे असू द्या. वाकड्या तुकड्यातून नेमके माप काढणे हा सराव सरळ पट्टीपेक्षा अवघडच आहे. आणि शीवच्या संस्थेत निदेशक घडतात तिथे प्रशिक्षणार्थ्यांना एक आठवडा ज्वारीच्या मळणीला आणि एक आठवडा कापसाच्या डवरणीला पाठवा. कारखाना पाहिल्याशिवाय निदेशक पूर्ण होत नाही असे मानतात. शिवार पाहिल्याशिवायही होऊ नये.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, बाकीचे काम आपले आहे, आणि ते या जिल्हा बैठकीपासून सुरू होऊ शकते. प्रत्येक तालुक्याने आपल्याकडचे एक मोडके किंवा नडणारे अवजार निवडावे. ते का नडते हे चार ओळींत लिहावे, आणि लिहिताना ते अवजार जी चालवते त्या बाईला आधी विचारावे. अवजार आणि कागद घेऊन तालुक्याच्या आयटीआयत जावे, प्राचार्यांना भेटावे, मजुरी देण्याची तयारी आधीच सांगावी. गावातली मळणी यंत्रे मोजून ज्यांची नाळ 90 सेंटिमीटरपेक्षा आखूड आहे त्यांची यादी पुढच्या बैठकीला आणावी. रब्बी ज्वारीची मळणी सुरू होण्यापूर्वी त्या यादीतल्या निदान एका यंत्राला नवी नाळ बसली पाहिजे. ती बसल्यावर कोणत्या तालुक्यात, कोणत्या विद्यार्थ्यांनी, किती मजुरीत केली हे आम्ही याच पानावर छापू.